नावं सुटतात, कागद भलत्याच गठ्ठ्यात पडतात: मराठी मजकुरावरच्या मॉडेलची दुरुस्ती

मराठी कागदांतली नावं, गावं, तारखा ओळखणारं आणि कागद विषयानुसार लावणारं मॉडेल बिघडलं की लक्षणं साधारण अशी दिसतात. चाचणीत मॉडेलला छान गुण मिळतात. खऱ्या कागदांवर सोडलं की ते 'पुण्यातील' पकडतं आणि 'पुण्याहून' सोडतं, 'बुधवार पेठ' तारीख म्हणून उचलतं, भाडेकरार कराच्या फोल्डरमध्ये टाकतं. आणखी उदाहरणं घालून पुन्हा शिकवलं की थोडे दिवस बरं चालतं. दुसऱ्या कार्यालयाच्या फायली आल्या की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

यावर पहिला सल्ला नेहमी एकच मिळतो: मोठं मॉडेल घ्या. तो सध्या बाजूला ठेवा. मराठीच्या बाबतीत मजकूर मॉडेलपर्यंत पोचायच्या आधीच मोडलेला असतो, आणि मोडलेला मजकूर कितीही मोठ्या मॉडेलला दिला तरी तो सुधारत नाही. खाली तपासणी ज्या क्रमानं दिली आहे त्याच क्रमानं करा. पहिल्या दोन गोष्टींना मिळून अर्धा तासही लागत नाही.

'पुणे' गेलं कुठे?

कागदांच्या वर्गीकरणासाठी अजूनही पुष्कळ ठिकाणी टीएफ-आयडीएफ (शब्दांना त्यांच्या वेगळेपणानुसार वजन देणं) आणि लॉजिस्टिक रिग्रेशन (त्या वजनांवरून वर्ग ठरवणारी साधी संख्याशास्त्रीय पद्धत) वापरतात. त्यात कमीपणा काही नाही. दोन-तीन हजार कागदांवर ते साध्या लॅपटॉपवर झटपट चालतं. पण सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीचा व्हेक्टरायझर (मजकुराचे शब्द पाडून त्यांचे आकडे करणारा भाग) जसाच्या तसा वापरला तर मराठीचा पार चुरा होतो. त्याचा मूळ टोकन पॅटर्न (शब्द कशाला म्हणायचं याचा नियम) 'सलग दोन किंवा जास्त शब्दाक्षरं' असा आहे. पायथनच्या नेहमीच्या 'री' मॉड्यूलच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त यांपैकी एकही चिन्ह शब्दाक्षरात मोडत नाही. त्यामुळे अशा प्रत्येक चिन्हावर शब्द तुटतो, आणि एकटं पडलेलं अक्षर फेकलं जातं.

कागदावर मांडून पहा. 'पुणे' म्हणजे प, उकार, ण, मात्रा. प एकटा, ण एकटा; दोन्ही गेले. 'पाणी', 'वीज', 'निविदा' यांचंही तेच, शिल्लक शून्य. 'पाणीपुरवठा'तून 'रवठ' उरतो. 'अर्ज', 'अर्थ' आणि 'अर्धा' या तिघांचा 'अर' होतो. 'परवाना' आणि 'परवा' दोघांचा 'परव'. आणि 'करार'चा होतो 'कर', 'भाडेकरार'चाही 'कर'. 'कर आकारणी व कर संकलन' असं डोक्यावर छापलेल्या पत्रांबरोबर भाडेकरार का जाऊन बसतात, ते आता वेगळं सांगायला नको.

हे महिनोन्महिने लक्षात येत नाही, कारण एरर येत नाही. चुऱ्यालाही थोडीफार ओळख असते, त्यामुळे गुण अगदी लाजिरवाणे नसतात.

उपाय: व्हेक्टरायझरला स्वतःचा टोकन पॅटर्न द्या. सगळ्यात साधा म्हणजे 'रिकामी जागा आणि विरामचिन्हं सोडून बाकी सलग काहीही'. नेमका हवा असेल तर युनिकोडच्या देवनागरी पट्ट्यातले ०९०० ते ०९६३, ०९६६ ते ०९६एफ आणि ०९७१ ते ०९७एफ हे तुकडे घ्या (मधले ०९६४ आणि ०९६५ हे दंड आहेत, ते मुद्दाम वगळायचे) आणि त्यांत २००सी व २००डी ही अक्षरजोडणी ठरवणारी दोन अदृश्य चिन्हं घाला. मग शब्दसूचीतले पहिले पन्नास शब्द स्क्रीनवर छापा आणि वाचा. वाचता आले तर काम झालं.

बर्ट या भाषा-मॉडेलाच्या घराण्यातल्या मॉडेलांना याच रोगाची दुसरी जात होते. टोकनायझरमध्ये (मजकुराचे तुकडे पाडणाऱ्या भागात) 'लहान लिपी करा' हा पर्याय चालू असला की त्याच्या जोडीनं 'स्वरचिन्हं काढा' हाही चालू होतो. तो फ्रेंच-जर्मनसारख्या भाषांतल्या अक्षरांवरच्या खुणांसाठी आहे. देवनागरीत तो उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त कापतो आणि काना-वेलांटी ठेवतो. मग 'मुळा'चं 'मळा' होतं, 'केळकर'चं 'कळकर', आणि 'पुणे'चं होतं 'पण'. शहराचं उभयान्वयी अव्यय झालं! बहुभाषिक बर्टची 'अनकेस्ड' (लहान-मोठ्या लिपीत फरक न करणारी) आवृत्ती मराठीला म्हणूनच वापरू नये. म्युरिल हे भारतीय भाषांचं मॉडेल घेतलं असेल तर लहान लिपीचा पर्याय बंद असल्याची खात्री करा. अल्बर्ट या बर्टच्या आटोपशीर भावंडावर बेतलेलं जुनं इंडिकबर्ट असेल तर 'कीप ॲक्सेंट्स' (खुणा ठेवा) चालू हवं. तपासायला एकच शब्द पुरे: 'पुणे' टोकनायझरला द्या, तुकडे परत जोडा, आणि तो तसाच परत आला का ते बघा.

दिसायला एक, आतून दोन

'कोथरूड' आणि 'काेथरूड'. डोळ्यांनी फरक दिसणार नाही, फार तर एखाद्या फॉण्टमध्ये मात्रा किंचित सरकलेली दिसेल. पण लांबी मोजली तर पहिल्यात सहा चिन्हं आहेत आणि दुसऱ्यात सात, कारण दुसऱ्यात 'ो' हे एक चिन्ह नसून काना आणि मात्रा वेगवेगळे टाइप झाले आहेत. जुन्या फॉण्टांतून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात हे सर्रास सापडतं. मॉडेलसाठी हे दोन निराळे शब्द, आणि दुसरा त्यानं शिकताना पाहिलेलाच नाही.

युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची ठरलेली पद्धत) चालवलं की हे सुटतं असा समज आहे. सुटत नाही. एनएफसी काना-मात्रा जोडत नाही, आणि 'ॲ'ची तीन रूपंही एक करत नाही: 'ॲड.', 'अॅड.' आणि 'ऍड.'. वकिलाच्या नावाआधीची खूणच तीन प्रकारे लिहिलेली असेल तर पुढचं नाव तीनांपैकी एकदाच सापडलं तर नवल नाही. तेव्हा एनएफसीनंतर अदलाबदलीची स्वतःची यादी चालवा, याच क्रमानं:

१. काना + मात्रा (किंवा उलट, मात्रा + काना) → ो. काना + दोन मात्रांचं चिन्ह → ौ.
२. अ + ो → ओ, अ + ौ → औ, अ + काना → आ, ए + मात्रा → ऐ.
३. अ + ॅ → ॲ, आणि ऍ → ॲ.
४. र + हलन्त + २००डी → ऱ + हलन्त.
५. यानंतरच उरलेली २००सी आणि २००डी काढून टाका.

चौथी आणि पाचवी पायरी उलटी झाली तर नुकसान होतं. 'साताऱ्यात' मधला अर्धा र काही कीबोर्ड नुक्तेवाल्या ऱ नं लिहितात, काही र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. आधीच अदृश्य चिन्हं पुसली तर दुसऱ्या प्रकारचा शब्द 'सातार्यात' होऊन बसतो. इंटरनेटवर फिरणाऱ्या तयार 'क्लीनिंग' स्क्रिप्ट बहुतेक दुसऱ्याच भाषा डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या असतात. त्या नेमकं हेच करतात.

अंकांचं त्या मानानं सोपं. '१२' आणि त्याचं रोमन रूप यांतलं कोणतं तरी एक निवडा आणि सगळीकडे तेच वापरा.

पीडीएफमधून काढलेल्या मजकुराची तपासणी वेगळी. दोन खुणा पुरतात. मराठी शब्द काना, मात्रा किंवा वेलांटीनं सुरू होत नाही. असे शब्द मोजा. आणि शब्दाच्या शेवटी उघडा 'र्' येत नाही; 'कर्वे रस्ता'चा 'कवेर् रस्ता' झालेला दिसला तर रफार जागेवरून घसरला आहे. शंभर शब्दांत यांपैकी एखाद-दुसरा निघाला तरी त्या फायलीचा टेक्स्ट लेयर टाकून द्या, पानं ३०० डीपीआयनं प्रतिमा म्हणून काढा आणि ओसीआर (चित्रातून अक्षरं वाचणं) करा. टेसरॅक्ट हा ओसीआर प्रोग्रॅम असेल तर भाषा मराठीच निवडा. 'देवनागरीच आहे की' म्हणून हिंदी ठेवली तर ळ आणि ऱ्य या दोन अक्षरांवर मार बसतो, आणि पुण्या-मुंबईच्या आडनावांत ळ किती असतो ते सांगायला नको. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉण्टमधली मूळ फाइल हाताशी असेल तर ओसीआरपेक्षा त्या फॉण्टचा कन्व्हर्टर बरा. मात्र त्यानंतर वरच्या दोन खुणा पुन्हा मोजायच्या.

विभक्ती: मागून तोडू नका

इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. 'पुणे' वाक्यात क्वचितच 'पुणे' म्हणून येतं. ते येतं पुण्यात, पुण्याला, पुण्याहून, पुण्याच्या, पुण्यातल्या, पुण्यापासून, पुण्यातूनही, पुण्याच्याच असं. सामान्यरूपात मूळ शब्दच बदलतो. ठाणे, धुळे, वारजे यांचं ठाण्या, धुळ्या, वारज्या होतं. लोणावळ्याचं मूळ लोणावळा. सोलापूरचा दीर्घ ऊ 'सोलापुरात' मध्ये ऱ्हस्व होतो. यादीतल्या नावाशी थेट तुलना केली तर निम्मी गावं सुटतात.

मग कोणीतरी प्रत्यय छाटणारा स्टेमर आणतं. 'ला' छाटला की 'मंगला'ची 'मंग' होते. 'त' छाटला की 'भारत'चा 'भार'. 'ात' छाटला की 'गुजरात'मधून 'गुजर' निघतं, आणि ते चांगलं रुळलेलं आडनाव असल्यामुळे यंत्रणा राज्याच्या जागी व्यक्ती दाखवते. 'अर्चना', 'वंदना' यांचा 'ना' तर अनेकवचनी चतुर्थीचा समजून जातोच.

उलट्या दिशेनं जा. नाव हातात आहे, तर त्याची रूपं आपणच घडवा. मूळ नाव, त्याचं सामान्यरूप, मग प्रत्यय (त, ला, हून, चा-ची-चे-च्या, तून, तील, तल्या, मध्ये, पासून, पर्यंत, जवळ, कडे), आणि शेवटी 'च' किंवा 'ही'. एका गावाची चाळीसेक रूपं होतात. चारशे गावं धरली तरी १६,००० नोंदी. आजच्या यंत्राला ते काहीच नाही. प्रत्येक रूपासमोर मूळ नाव लिहून ठेवा, म्हणजे ओळखल्यावर 'पुण्याहून'ची नोंद 'पुणे' अशी आपोआप होते. नियमात न बसणारी रूपं हातानं घाला: नाशिकचं 'नाशकात' कुठल्याच नियमातून निघत नाही.

मॉडेलला मात्र मजकूर अखंडच द्यायचा, प्रत्यय न छाटता. 'हून' आणि 'यांनी' हे त्याच्यासाठी पुरावे आहेत.

पेठा, रस्ते, आडनावं

देवनागरीत मोठी लिपी नाही, त्यामुळे विशेषनामाची बाहेरून दिसणारी खूण नाही. त्यात पुण्याचा भूगोल मॉडेलची परीक्षा घ्यायलाच आखल्यासारखा आहे. सोमवारपासून रविवारपर्यंत सातही वारांच्या पेठा इथे आहेत. 'बुधवारी बुधवार पेठेत वाहतुकीत बदल' या वाक्यात पहिला शब्द तारीख आहे आणि पुढचे दोन मिळून ठिकाण. नियम छोटासा आहे आणि तो मॉडेलच्या उत्तरावर चालवा: वाराच्या नावानंतर 'पेठ' किंवा 'पेठे' असेल तर ठिकाण, 'शनिवारवाडा', 'शनिवारवाड्यावर' हेही ठिकाण, 'बुधवारी', 'बुधवारपासून' तारीख.

टिळक रस्ता, बाजीराव रस्ता, सेनापती बापट रस्ता इथे मॉडेल माणूस पकडतं. 'सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ' मध्ये व्यक्ती, शहर आणि संस्था एकात एक बसल्या आहेत. अशा ठिकाणी सगळ्यात लांब पट्टा घ्यायचा असं एकदा ठरवा, लेबल लावणाऱ्या सगळ्यांना लेखी द्या, आणि पुन्हा त्यावर वाद घालू नका.

आडनावांचा प्रश्न खरोखर अवघड आहे. साठे, तांबे, खरे, काळे, गोरे. 'धान्याचे साठे' आणि 'साठे यांनी' यांतला फरक शेजारच्या शब्दावरूनच कळतो. विकास, प्रकाश, कल्पना, भावना यांचं तसंच, आणि सरकारी कागदात 'विकास' किती वेळा येतो ते मोजायलाच नको. शिवाय हवेली हा तालुका आहे, औंध पुण्यातही आहे आणि साताऱ्यातही. या शब्दांना नियम लावू नका. त्याऐवजी प्रत्येक संशयित शब्दाची दोन्ही अर्थांची दहा-दहा वाक्यं शिकवायच्या डेटात घाला.

टिंबावर वाक्य तोडणं

'पु. ल. देशपांडे' हे नाव तीन वाक्यांत वाटलं गेलं असेल तर मॉडेलला दोष देता येणार नाही. टिंबावर वाक्य तोडणाऱ्या कोडला दोन अपवाद शिकवा. एक, एका अक्षरानंतरचं टिंब वाक्याचा शेवट नसतं. 'अक्षर' मोजताना युनिकोडचे बिंदू (आतली सुटी चिन्हं) मोजू नका; 'ना. धों. महानोर' मधला 'धों' एकच अक्षर आहे, आत तीन बिंदू असले तरी. दोन, संक्षेपांची यादी: श्री., सौ., कु., कै., चि., मा., डॉ., प्रा., ॲड., दि., क्र., रु., जि., मु., पो., रा., ता. शेवटचा 'ता.' तालुकाही असतो आणि तारीखही. पुढे आकडा आला तर तारीख समजा.

पत्त्यात 'रा.', 'मु. पो.', 'ता.', 'जि.' हे संक्षेप म्हणजे आयती खूण आहे. 'रा.' नंतर ठिकाण येतं, 'ता.' नंतर तालुका, 'जि.' नंतर जिल्हा. इथे मॉडेलपेक्षा साधा पॅटर्न जास्त भरवशाचा.

मॉडेल आणि गुण

आता मॉडेलकडे वळायला हरकत नाही. पुण्याच्याच एलथ्रीक्यूब या संशोधन गटानं २०२२ मध्ये महानेर हा हातानं लेबल लावलेला संच दिला. सुमारे २५,००० वाक्यं, आणि व्यक्ती, ठिकाण, संस्था यांच्याबरोबर तारीख, वेळ, माप, हुद्दा हेही वर्ग. एआयफोरभारत या संशोधन गटाचं इंडिकनेर हे नावं ओळखणारं मॉडेल अकरा भारतीय भाषांवर शिकलं आहे, पण त्यात व्यक्ती, ठिकाण आणि संस्था एवढेच वर्ग. त्याच्याकडून तारीख येत नाही म्हणून सेटिंग शोधत बसू नका.

बातम्यांत 'अमुक यांनी सांगितले' ही चाल असते, आणि अशा मजकुरावर शिकलेलं मॉडेल 'यांनी'वर टेकलेलं असतं. अर्जात 'अर्जदाराचे नाव' पुढे आडनाव आधी येतं आणि 'यांनी' कुठेच नसतं. तिथे ते अडखळतं. तुमच्या जातीच्या कागदांतली तीनशे ते पाचशे वाक्यं लेबल लावून फाइन-ट्यून करा, म्हणजे तयार मॉडेलला त्यांवर पुढे शिकवा: लर्निंग रेट (शिकण्याचा वेग) ०.००००२ ते ०.००००५, तीन ते पाच फेऱ्या. शब्दाचे तुकडे पडतात तेव्हा लेबल पहिल्या तुकड्याला द्या आणि बाकीच्यांना उणे १०० द्या, म्हणजे चूक मोजताना ते वगळले जातात. हे राहिलं तर लेबलं एकेक घर सरकतात आणि मॉडेल 'यांनी'लाच व्यक्ती म्हणायला लागतं.

गुण शब्दागणिक मोजू नका. वीस शब्दांच्या वाक्यात एका शब्दाचं एक नाव असेल, तर काहीच न ओळखणाऱ्या मॉडेललाही ९५ टक्के मिळतात. पूर्ण नावागणिक एफ-वन (पकडलेल्यांत बरोबर किती आणि खऱ्यांपैकी सापडली किती, यांचा एकत्र गुण) मोजा. सीक्वेव्हल ही लायब्ररी तेच करते. 'सावित्रीबाई फुले' एवढंच पकडून 'पुणे विद्यापीठ' सोडलं तर ते चूकच धरायचं.

कागद भलत्या गठ्ठ्यात का जातो

टोकनची भानगड मिटल्यावरही वर्गीकरण चुकत असेल तर पत्राचा आकार बघा. बर्टला ५१२ तुकडे चालतात. मराठी शब्दामागे दोन तुकडे धरले तर अडीचशे शब्द. कार्यालयीन पत्राचा तेवढा भाग डोक्यावरची पाटी, जावक क्रमांक, 'प्रति' आणि पत्ते यांतच बराचसा संपतो. मॉडेल मग विषय शिकतच नाही, पाटी शिकतं. दुसऱ्या कार्यालयाच्या फायली आल्या की कोसळतं ते याच कारणानं. चाचणीचे कागदही त्याच कार्यालयातले असल्यामुळे चाचणीत मात्र सगळं आलबेल दिसतं. म्हणून चाचणीसाठी एक आख्खं कार्यालय बाजूला ठेवा, शिकवताना त्याचा एकही कागद दाखवू नका.

मजकूर देताना 'विषय' ची ओळ आणि 'महोदय' नंतरचे दीडशे शब्द द्या. 'संदर्भ' ची यादी काढून टाका. तिच्यात आधीच्या पत्रांचे विषय असतात, आणि पाणीपुरवठ्याच्या स्मरणपत्राखाली जुन्या निविदेचा संदर्भ असला की कागद निविदांच्या गठ्ठ्यात जातो. शेवटची 'प्रत माहितीसाठी' ही यादीही काढा. शासन निर्णयाची रचना वेगळी असते: वर शीर्षक, मग 'वाचा', मग 'प्रस्तावना'. तिथे शीर्षक आणि प्रस्तावना घ्या, 'वाचा' सोडा.

पाणीपट्टीच्या थकबाकीचा कागद पाण्यात की करात, हा प्रश्न कोडनं सुटणारा नाही. एका कागदाला दोन वर्ग चालतील का, ते ज्यांच्या फायली आहेत त्यांना विचारा.

नाव बदललेली गावं

हे शेवटी, कारण हे एकदा करून भागत नाही. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव २०२३ मध्ये झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर २०२४ मध्ये. पुणे विद्यापीठाच्या नावात सावित्रीबाई फुले आल्या त्या २०१४ मध्ये. जुन्या संचावर शिकलेलं मॉडेल 'छत्रपती संभाजीनगर'ला व्यक्ती म्हणतं, आणि त्याची चूक म्हणावी तरी कशी? यादीत जुनं आणि नवं नाव एकाच क्रमांकाखाली ठेवा, दोन्हीची रूपं घडवा (अहिल्यानगरात, अहिल्यानगरहून), आणि जुन्या कागदातलं नाव कागदात आहे तसंच राहू द्या. बदल फक्त जोडलेल्या नोंदीत. पुणेकर अहिल्यानगरला नुसतं 'नगर' म्हणतात, तेव्हा 'नगर रस्ता' हे एक ठिकाण म्हणून वेगळं घाला, आणि सुटं 'नगर' यादीत घालू नका, नाहीतर 'नगर परिषद' आणि 'नगर रचना' दोन्ही अहिल्यानगरला जाऊन बसतील.